पाटाच्या काठानं सायकल

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज आणि कर्जफेड यांवर बोलतो. आज आपण फिरण्यावर बोलू. कामासाठीचं किंवा बाजाराचं फिरणं मला म्हणायचं नाही. सायकल घेऊन, चार मैत्रिणींसोबत, पाण्याच्या काठानं, केवळ बरं वाटावं म्हणून फिरणं म्हणते आहे.

ऐकताना काही जणींना हसू आलं असेल. "ताई, आम्हाला काय कामं नाहीत का?" असं मनात आलं असेल. मी हा विषय गटांत काढला तेव्हा हाच प्रश्न पहिला आला. त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे, पण त्याआधी थोडा इतिहास सांगते. ज्या काठावर फिरायचं म्हणतो, तो काठ कुणी बांधला आणि त्यावर पाय ठेवायचा हक्क कुणाचा, हे इतिहासातूनच कळतं.

सुरुवात आपल्या जालन्यापासून करू. कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना आणि दुसऱ्या अंगाला नवीन जालना. नदी गावातूनच जाते, तरी पाण्याची ओढाताण आपल्या पाचवीला पुजलेली. म्हणून इथल्या लोकांनी पाणी अडवायची आणि दुरून आणायची कला फार पूर्वी शिकून घेतली. मोती तलाव तुम्ही पाहिला असेल. तो जमशेदखान नावाच्या इथल्या सुभेदारानं बांधला, तो मलिक अंबरच्या काळातला. काळी मशीद आणि सरायही त्याचीच. तलाव बांधून तो थांबला नाही. तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांतून गावातल्या हौदांपर्यंत त्यानं नेलं. त्याला ना मोटार लागली ना वीज. पाणी उताराकडे धावतं, एवढ्या एका गोष्टीवर सगळा कारभार चालला. पुढे निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव झाला. त्याचं पाणीही उतारानंच शहराकडे यायचं.

शेजारी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या खडकीला, मलिक अंबरनं याहून मोठं काम केलं. मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतल्या हबसाणचा, ज्याला आज इथिओपिया म्हणतात. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली आणि काही वर्षांतच डोंगराकडच्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. नहरीच्या वाटेवर जागोजागी विटा-दगडांचे उंच मनोरे आहेत. नळातली हवा बाहेर पडावी आणि पाण्याचा दाब सांभाळला जावा, यासाठी ते बांधलेले. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, पण त्याच्या नहरीवर शहरानं पुढे कित्येक पिढ्या पाणी प्यायलं. पाणचक्की बघायला आपण शाळेच्या सहलीत जातो. तिथलं पाणीही अशाच नहरीनं येतं आणि त्या पाण्यावर जातं फिरतं. पहाटे उठून दळण दळणाऱ्या बाईला ते फिरतं जातं पाहून काय वाटलं असेल, याचा विचार मी नेहमी करते.

या नहरी जमिनीखालून गेल्या, त्यामुळे त्यांच्या काठानं फिरायचा प्रश्नच नव्हता. उघडा वाहणारा आणि दोन्ही बाजूंना भराव असलेला मोठा कालवा इंग्रजांच्या काळात आला. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं. त्याचा उजवा कालवा पुण्यातून हडपसरकडे आणि पुढे पूर्वेच्या दुष्काळी भागाकडे गेला. पुणे आणि खडकीच्या छावणीला पिण्याचं पाणी द्यायचं आणि शेतीलाही द्यायचं, असा त्याचा हेतू होता.

या कालव्याशी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं एक नाव जोडलेलं आहे, महात्मा जोतीराव फुले. जोतीराव शाळा काढणारे म्हणून आपल्याला माहीत आहेत. ते बांधकामाचे कंत्राटदारही होते, आणि खडकवासल्याच्या कामाला त्यांनी सामान पुरवलं होतं. कालवा झाला, पाणी आलं, तरी नवं पाणी घ्यायला बरेच शेतकरी बिचकत होते. जोतीरावांनी हडपसरजवळ मांजरीला जमीन घेतली, कालव्याच्या पाण्यावर शेती केली आणि पिकं काढून दाखवली. १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. पावसाचं पाणी शेतातच मुरावं म्हणून ताली, बंधारे बांधा, असा आग्रह त्यात आहे. आज आपण ज्याला पाणलोटाचं काम म्हणतो, तेच ते. आणि सावित्रीबाई शाळेत शिकवायला निघाल्या की रस्त्यात लोक त्यांच्यावर चिखल आणि शेण टाकत, हे आपण दर ३ जानेवारीला सांगतो. ही गोष्ट सांगताना एक बारीक मुद्दा आपल्या हातून निसटतो. चिखल शाळेत पडला नाही, रस्त्यावर पडला. बाई घराबाहेर पडून रस्त्यानं चालते, हेच लोकांना आधी खुपलं. सायकलच्या गोष्टीत हा मुद्दा परत येणार आहे.

आता येऊ आपल्या कॅनॉलवर. गोदावरीवर मोठं धरण बांधायचा विचार हैदराबाद संस्थानच्या काळापासून होता. तेव्हा जागा ठरत होती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची. पुढे जागा बदलून वर पैठणला आली, पण प्रकल्पाचं नाव जायकवाडीच राहिलं. म्हणून धरण पैठणचं आणि नाव जायकवाडीचं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तेव्हाचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. धरण सुमारे १० किलोमीटर लांब, त्याला २७ दरवाजे. साठलेल्या पाण्याला नाथसागर हे नाव मिळालं, पैठणच्या एकनाथ महाराजांवरून.

धरणाला दोन कालवे आहेत. उजवा १३२ किलोमीटरचा, तो बीडकडे जातो. डावा २०८ किलोमीटरचा. हा डावा कालवा पैठणहून निघतो, आपल्या जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांतून जातो आणि पुढे परभणी जिल्ह्यात शिरतो. डाव्या कालव्यावर सुमारे १ लाख ४१ हजार हेक्टर जमीन भिजावी, असा हिशोब मांडलेला होता. मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेतातला पाट, असं हे पाणी उतरत उतरत आपल्या बांधापर्यंत येतं. नकाशावर पाहिलं तर झाडाची फांदी दिसते.

हा कालवा ज्या वर्षांत खणला जात होता, त्याच वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला. आपल्या आया आणि आज्या या दुष्काळाची आठवण अजून काढतात. सुकडी, मिलो, तांबडी ज्वारी हे शब्द आपण त्यांच्याच तोंडून ऐकले. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं आणि कालव्यांचं मातीकाम अशी ती कामं होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तीच कल्पना पुढे देशभर गेली.

या कामांवर बायांची संख्या फार मोठी होती. पुरुष खणायचा, बाई पाटी उचलायची, अशी जोडी असे. मस्टरवर अंगठा, मुकादमाचं मोजमाप, झाडाला बांधलेली झोळी आणि झोळीत लेकरू. कालव्याचा भराव आपण आज बघतो तेव्हा तो डोंगरासारखा आपोआप उभा राहिला असं वाटतं. पण भराव म्हणजे डोक्यावरून वाहून टाकलेली माती. कालव्याकाठच्या एका गावातल्या आजीनं मला हात दाखवून सांगितलं होतं, की इथून तिथपर्यंतच्या मातीला तिचे पाय लागलेले आहेत. तिला मी विचारलं, काम संपल्यावर कधी त्या भरावावर नुसती फिरायला गेलात का? तिला प्रश्नच कळेना. "तिथं कशाला जायचं? काम संपलं की," असं ती म्हणाली. पन्नास वर्षं तो भराव तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. धुणं घेऊन गेली, शेळ्या घेऊन गेली, सरपण आणायला गेली. नुसती अशी कधीच गेली नाही.

कालव्याचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. नाथसागराखाली शंभराहून अधिक गावं गेली, लोकांची घरं, देवळं आणि शेतं गेली. कालव्याच्या मुखाकडच्या शेतात ऊस उभा राहिला आणि शेपटाकडचा शेतकरी पाळीची वाट बघत राहिला, हे आपल्याकडच्या सगळ्या कालव्यांचं दुखणं आहे. वरच्या जिल्ह्यांतल्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, यावर दर कमी पावसाच्या वर्षी भांडण होतं, कोर्टात जातं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहरानं टँकरच्या मागे रात्री जागून काढल्या. तेव्हा कालवा म्हणजे फक्त सुंदर देखावा नाही, आपल्या सगळ्यांचा जीव त्यात अडकलेला आहे. आणि ज्या गोष्टीत जीव अडकलेला असतो, तिच्याकडे अधूनमधून जाऊन बघावं लागतं. अस्तर कुठं फुटलं, पाणी कुठं पाझरतं, चारीचं दार कुणी मोडलं, हे काठानं चालणाऱ्या माणसालाच दिसतं. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात मुठा कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या परिसरातल्या वस्तीत पाणी शिरलं, गरिबांचे संसार वाहून गेले. कालव्याकडे बघणारे डोळे जितके जास्त, तितकं बरं.

आता काठावरच्या रस्त्याबद्दल. आपल्या कालव्याच्या भरावावर रस्ता असतो, तो देखभालीसाठी. पाटकरी आणि शाखा अभियंता त्यावरून जातात, दुरुस्तीची यंत्रं जातात. परदेशात जुने कालवे वेगळ्या कामासाठी होते. ते नावांसाठी खणलेले. नाव पाण्यात, तिला दोर बांधलेला, आणि दोर ओढणारं घोडं किंवा खेचर काठावरून चालायचं. त्या जनावराच्या पायवाटेसाठी काठ सपाट ठेवलेला असे. पुढे रेल्वे आली, नावांचा धंदा बसला आणि काठ ओसाड पडले.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरापासून निघणारा असा एक कालवा आहे, चेसापीक आणि ओहायो नावाचा. त्याचं काम १८२८ मध्ये सुरू झालं आणि १९२४ मध्ये वाहतूक बंद पडली. पुढे त्याच्या काठावर मोटारींचा रस्ता करायचं ठरत होतं. एका मोठ्या वर्तमानपत्रानं त्या रस्त्याच्या बाजूनं लिहिलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना उलट पत्र लिहिलं, की आधी माझ्यासोबत हा काठ चालून बघा आणि मग काय ते लिहा. १९५४ च्या मार्चमध्ये ते सगळे निघाले. जवळजवळ ३०० किलोमीटर अंतर त्यांनी आठ दिवसांत पार केलं. पुष्कळ जण सोबत निघाले होते, पण शेवटपर्यंत संपूर्ण अंतर चालणारे न्यायमूर्तींसह नऊच होते. वर्तमानपत्रानं आपलं मत बदललं. रस्ता झाला नाही, आणि १९७१ मध्ये तो सगळा काठ राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. आज तिथं लोक सायकली घेऊन जातात, लेकरं, म्हातारी माणसं, बाया, सगळेच. मोर्चा निघाला नाही, दगड उचलला गेला नाही. काठानं चालून बघितलं, एवढंच. मला ही गोष्ट फार आवडते, कारण चालून बघणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

आता सायकलकडे वळते. आज आपण चालवतो तशी सायकल, म्हणजे दोन्ही चाकं सारखी आणि मागच्या चाकाला साखळी, ही इंग्लंडमध्ये जॉन स्टार्ली यांनी १८८५ मध्ये आणली. त्याआधीच्या सायकलचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच असे. घागरा घालून त्यावर बसणं बायांना शक्य नव्हतं. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचं टायर काढलं आणि हाडं खिळखिळी होणं थांबलं. मधला दांडा खाली वाकवून बायांसाठी वेगळी सायकल निघाली आणि त्या भराभर घराबाहेर पडू लागल्या. लगेच विरोधही सुरू झाला. सायकल चालवल्यानं बाईचा चेहरा कायमचा ताणलेला आणि कुरूप होतो, असं काही डॉक्टर त्या काळी सांगत आणि वर्तमानपत्रं छापत. पुरुषाच्या चेहऱ्याची मात्र कुणाला एवढी काळजी नव्हती! अमेरिकेत बायांच्या मतदानाच्या हक्कासाठी आयुष्यभर लढलेल्या सुसान अँथनी यांनी १८९६ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं, की बायांना मोकळं करण्यात सायकलचा वाटा इतर कशाहूनही मोठा आहे.

आपल्याकडे सायकल इंग्रजांसोबत आली आणि लवकरच आपली झाली. १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवरून जगाच्या सफरीला निघाले आणि त्यातले तिघे १९२८ मध्ये जग फिरून परत आले. तोपर्यंत सगळ्या सायकली विलायती होत्या. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत, लुधियाना इथं मोठे कारखाने झाले आणि सायकल लग्नाच्या याद्यांत आली. जुन्या माणसांना आठवत असेल, सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला तर दंड, डबल सीट बसलं तर दंड. भाड्याच्या सायकलचं दुकान असायचं, तासाच्या हिशोबानं. अर्ध्या पॅडलनं म्हणजे दांड्याखालून पाय घालून मुलगे शिकायचे. मुली तिथं कमीच दिसायच्या. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, तिथं कॉलेजच्या मुली सायकलवर दिसत. खेड्यातल्या मुलीच्या वाट्याला सायकल आली ती फार उशिरा.

खेड्यातल्या बायांनी सायकल कशी घेतली, याचं एक उदाहरण आपल्या सगळ्या गटांनी ऐकण्यासारखं आहे. तामिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे, आपल्यासारखाच कोरडा आणि मागास म्हणून ओळखला जाणारा. १९९१-९२ मध्ये तिथं साक्षरतेची मोठी मोहीम झाली. तेव्हा जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. त्यांनी अक्षरओळखीच्या जोडीला बायांना सायकल शिकवायचं ठरवलं. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या ताया, शिक्षिका अशा हजारोंनी बाया मैदानात उतरल्या. पुढच्या काळात एक लाखाच्या आसपास बाया सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं तेव्हा ही गोष्ट देशाला कळली. लेडीज सायकली दुकानांत संपल्या तेव्हा बायांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि मधल्या दांड्यावर लेकराला बसवता येतं म्हणून त्याच पसंत केल्या. सुरुवातीला टोमणे झाले. पण सायकलमुळे बस चुकायची भीती गेली, पाणी आणणं सोपं झालं, माल विकायला चार गावं जास्त फिरता आलं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, कुणी नेऊन सोडेल याची वाट बघणं संपलं.

आपल्या जिल्ह्यातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. बिहारमध्ये २००६ पासून अशीच योजना आहे. तिचा अभ्यास झाला तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. म्हणजे मुलगी शाळेत जात नव्हती ती बुद्धी कमी म्हणून नाही, शाळा लांब होती म्हणून.

पण बारावीनंतर त्या सायकलीचं काय होतं? मी आमच्या गटांमध्ये विचारलं. तिशीच्या आतल्या बहुतेक जणींना सायकल येते. शाळेत जाताना रोज चालवत होत्या. कधी सुटली विचारलं तर एकच उत्तर येतं, लग्नात. माहेरची सायकल भाऊ वापरतो किंवा भंगारात गेली. सासरी सुनेनं सायकलवर बसणं बरं दिसत नाही. मुलगी असताना जी चालवणं कौतुकाचं होतं, तीच सायकल बाई झाल्यावर लाजेची होते. यात सायकल बदलली नाही, रस्ता बदलला नाही. आपल्याकडे बघणारी नजर बदलली. सावित्रीबाईंवर चिखल टाकणारी नजर आणि ही नजर एकाच घरातली.

म्हणून मागच्या हिवाळ्यात आम्ही एक साधी गोष्ट केली. कॅनॉलजवळच्या एका गावातल्या गटाच्या अकरा जणींनी, कुणी लेकीची, कुणी पुतण्याची अशा सायकली गोळा केल्या आणि रविवारी सकाळी काठाच्या रस्त्यानं सहा किलोमीटर जाऊन आल्या. घरी सांगताना चार जणींना नकार मिळाला, त्या आल्या नाहीत. त्यांना आम्ही दोष दिला नाही. दोघी पडल्या, गुडघे खरचटले. एका जागी मोसंबीच्या बागेच्या सावलीत बसून भाकरी, ठेचा आणि शेंगदाणे खाल्ले. पाण्यावर बगळे होते, एक खंड्या सारखा वरून पाण्यात सूर मारत होता. चाळिशीच्या एक ताई म्हणाल्या, "मी इतक्या वर्षांनी वारा खाल्ला." परत आल्यावर गावात चर्चा झालीच. पुढच्या रविवारी नकार मिळालेल्यांपैकी एक जण आली, आणि तिच्या सासूबाई तिला पाहायला पुलापर्यंत चालत आल्या. बाकी तिघी अजून आलेल्या नाहीत. एवढंच झालं, याहून मोठं काही नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देते. "आम्हाला काय कामं नाहीत का?" आहेत ना. सरकारनं २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, म्हणजे पाच तास. तीच कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. शेतातलं आणि मजुरीचं काम वेगळंच. म्हणजे आपल्याला कामं आहेत म्हणूनच विसावा हवा आहे. पुरुष पारावर बसतो, चहाच्या टपरीवर बसतो, क्रिकेट बघतो, त्याला कुणी विचारत नाही की काम नाही का. बाई बसली की लगेच हिशोब मागितला जातो. आपण गटात पैशाची बचत शिकलो. दहा-दहा रुपयांतून हजार होतात हे करून दाखवलं. तशीच आठवड्यातली दोन तासांची बचत स्वतःसाठी करायला काय हरकत आहे? त्यावर व्याजही मिळतं. अंग मोकळं होतं, झोप लागते, आणि मैत्रिणीशी घराबाहेर बोलता येतं. घरात ज्या गोष्टी तोंडावर येत नाहीत, त्या सायकलवरून उतरून सावलीत बसलं की येतात.

ज्या गटांना असं जायचं असेल, त्यांच्यासाठी काही सूचना आहेत. त्या नीट ऐका.

काठाचा रस्ता पाटबंधारे खात्याचा आहे. आधी जवळच्या शाखा कार्यालयात गटाच्या नावानं साधा अर्ज द्या आणि विचारून घ्या. रब्बीची आणि उन्हाळी पाळी केव्हा सुटणार, हेही तिथंच कळतं. पाणी सुटलेलं असताना कडेनं चालवू नका. कालव्याच्या बाजू उतरत्या आणि गुळगुळीत असतात, त्यावर शेवाळ असतं. पाण्यात पडलेल्याला पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. हात-पाय धुवायला म्हणूनही खाली उतरू नका. लेकरांना सोबत नेलं तर एका लेकरामागे एक मोठी बाई हवीच. कुणी पाण्यात पडलंच तर मागे उडी टाकू नका. लांब दोर, साडी किंवा काठी टाका, आरडाओरड करा आणि ११२ ला फोन लावा. म्हणून एका सायकलला लांब दोर कायम बांधून ठेवा.

पदर आणि ओढणी कमरेला खोचा, साखळीत गेली की माणूस तोंडावर पडतो. निघण्याआधी ब्रेक आणि हवा बघा. पंप आणि पंक्चरचं सामान गटात एक असलं तरी पुरतं. उसाच्या हंगामात ट्रॉल्या असतात, त्या वाटा टाळा. जुन्या पुलांचे कठडे तुटलेले असतात, तिथं उतरून चालत जा. चार जणींपेक्षा कमी जाऊ नका, आणि ऊन चढायच्या आत घरी या. जाताना जिथं अस्तर फुटलेलं किंवा पाणी वाया जाताना दिसेल, ती जागा लिहून घ्या आणि शाखा कार्यालयात कळवा. ग्रामसभेतही मांडा. म्हणजे फिरणं होईल आणि आपल्या पाण्याची राखणही होईल.

ज्यांच्या घरी नकार आहे त्यांनी भांडून निघावं, असं मी म्हणणार नाही. आपापलं घर जिचं तिला ठाऊक. पण एक करा. तुमच्या गावात दुष्काळी कामावर गेलेली आजी असेल, तर तिला विचारा की तिनं कुठली माती वाहिली. कुठला रस्ता, कुठला तलाव, कुठला पाट. ते गटाच्या वहीत लिहून ठेवा, कारण मस्टर आता सापडणार नाहीत आणि सांगणाऱ्या आज्या दरवर्षी कमी होत आहेत. आणि जमलं तर एखाद्या सकाळी तिला तिथं घेऊन जा. सायकलवर नसेल तर रिक्षातून, नाहीतर हात धरून. डोक्यावर पाटी नसताना तो काठ कसा दिसतो, हे तिला एकदा बघू द्या.